कृष्णाकांठचें वैद्यकशिक्षण

सांगलीहून मिरजेस जाणारा रस्ता जेमतेम तीन कोसांचा. त्याच्या मध्यावर विश्रामबाग लागते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९१९ सालीं स्थापिलेलें विलिंग्डन महाविद्यालय तेथें आहे आणि १९४७ सालापासून चालत आलेलें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयहि तेथेंच आहे. आणखी थोडें पुढें गेलें म्हणजे वानलेसवाडी. तेथें एके काळीं क्षयरोग्यांसाठीं मोकळ्या हवेंतलें आरोग्यधाम उभारण्यांत आलें आणि तेथेंच २००५ सालीं भारती विद्यापीठाचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें. रस्ता संपतो त्या मिरजेंत १९६२ सालचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि या सर्वांच्या आधींचें, १८९४ सालचें मिशन रुग्णालय. कालक्रमानें हा इतिहास वाचावयाचा असेल त्यानें मिरजेकडून निघावें हें बरें.

वैद्यकाचें शिक्षण म्हटलें कीं आज प्रवेशपरीक्षा, महाविद्यालय, विद्यापीठ आणि पदवी हा क्रम आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि तो जणूं सृष्टीच्या आरंभापासून असाच चालत आला असावा असें आपण धरून चालतों. वस्तुस्थिति तशी नाहीं. रोग्याची शुश्रूषा करणें, जखम धुणें, औषध मोजून देणें, अडलेली बाई सोडविणें या विद्या विद्यापीठाच्या अंगणांत फार उशिरां आल्या. त्यापूर्वी त्या घरांत, वैद्याच्या ओटीवर आणि रुग्णालयाच्या पडवींत हातानें हातास शिकविल्या जात. हाताची वाट आणि पदवीची वाट, अशा या दोन वाटा गेल्या दोनशे वर्षांत आपल्याकडे कधीं शेजारून तर कधीं एकमेकींस छेदून गेल्या आहेत. पण दोहींमागें प्रश्न एकच होता: रोग्याच्या अंगास हात लावण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो कोणीं द्यावा?

प्रथम मुंबईकडे पाहूं, कारण या प्रश्नाचें पहिलें उत्तर तेथें दिलें गेलें. १८२६ सालीं सरकारनें मुंबईस एक वैद्यकशाळा काढली. डॉ. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख होते, आणि शिकविणें देशी भाषांतून व्हावयाचें असल्यामुळें मराठी व गुजराती विद्यार्थ्यांसाठीं वैद्यकावरील पुस्तकें तयार करण्याचा खटाटोपहि त्यांनींच मांडला. ही शाळा सहा वर्षेंच चालली. १८३२ सालीं ती मोडली. पुढें १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें तें मात्र इंग्रजींतून शिकविणारें. त्याच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते, ज्यांचें नांव आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयास दिलेलें आहे. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें आणि १८६० सालीं हें कॉलेज त्यास जोडलें गेलें. याप्रमाणें पदवीची वाट बांधून तयार झाली.

परंतु पदवीधर किती निघणार आणि ते कोठें जाणार? जिल्ह्याजिल्ह्यांतले सरकारी दवाखाने, पलटणी, तुरुंग, देवी काढण्याचें काम, या सर्वांस माणसें हवीं होतीं. म्हणून १८६१ सालीं त्याच ग्रँट कॉलेजांत मराठी व गुजराती वर्ग उघडावे लागले. पुढें पुण्यास १८७८ सालीं बैरामजी जीजीभाई यांच्या नांवानें वैद्यकशाळा निघाली. तेथून बाहेर पडणारा तो "हॉस्पिटल असिस्टंट". मागाहून त्यास "सब-असिस्टंट सर्जन" असें भारदस्त नांव मिळालें, पण पायरी तीच राहिली. इंग्रजींतून शिकला तो डॉक्टर आणि देशी भाषेंतून शिकला तो मदतनीस, अशी ही वर्णव्यवस्था. गांवच्या लोकांस मात्र दोघेहि "दागतरच". खेड्यांतल्या माणसानें ज्याचा प्रत्यक्ष हात पाहिला तो डॉक्टर बहुतेक वेळां या दुसऱ्या वर्गांतलाच होता, ही गोष्ट आमच्या इतिहासकारांनीं पुरेशी लक्षांत घेतलेली नाहीं.

स्त्रियांची कथा निराळी आणि अधिक कठीण. ग्रँट कॉलेजचीं दारें त्यांना १८८३ सालीं उघडलीं. त्याच वर्षीं आनंदीबाई जोशी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या. १८८६ सालीं त्या एम. डी. झाल्या. हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, आणि कोल्हापूर म्हणजे मिरजेचें शेजारघर. पण ती नेमणूक कागदावरच राहिली. १८८७ सालच्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला. पुढें त्या रुग्णालयांत कृष्णाबाई केळवकरांनीं काम केलें आणि जी खुर्ची आनंदीबाईंस लाभली नाहीं तिचें चीज झालें.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. त्याच वर्षीं कॅनडांत विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म झाला. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा आहे, तरी त्यांत एक चमत्कारिक उलटापालट दिसते. येथली मुलगी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेली आणि अमेरिकेंत वैद्यक शिकलेला हा तरुण येथें येऊन राहिला. वानलेस न्यूयॉर्कला शिकले आणि १८८९ सालीं प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीनें हिंदुस्थानांत आले. आरंभ त्यांनीं सांगलीच्या दवाखान्यानें केला, पण लवकरच बस्तान मिरजेस हलविलें. १८९४ सालीं तेथें रुग्णालय उभें राहिलें. मिरज ही निवड मोठी दूरदर्शीपणाची ठरली. कोल्हापूर संस्थानची रेल्वे १८९१ सालीं मिरजेस येऊन मिळाली होती, आणि पुण्याकडून दक्षिणेंत उतरणारी गाडीहि तेथूनच जाई. रोगी रेल्वेनें येऊं शकतो ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. पण मोतीबिंदूनें अंध झालेल्या म्हाताऱ्यास बैलगाडींत घालून आठ दिवस चालवीत नेणें आणि रात्रीच्या गाडीनें सकाळीं स्टेशनावर उतरविणें यांतलें अंतर ज्यानें तो म्हातारा नेला असेल त्यालाच कळेल.

येथें मिरजेबद्दल थोडें विषयांतर केल्यास वाचक क्षमा करतील. या गांवाची कीर्ति दोन कलांसाठीं आहे, तंबोरे व सतार करणारे आणि शस्त्रक्रिया करणारे. तंतुवाद्यें करणाऱ्या घराण्यांचे मूळ पुरुष शस्त्रांना धार लावणारे शिकलगार होते, आणि लढाया संपल्यावर त्यांचा हात भोपळ्याकडे व तारेकडे वळला, असें सांगतात. ही विद्या कोणत्याहि विद्यापीठांत शिकविली गेली नाहीं. बापानें मुलाच्या हातांत पटाशी दिली आणि दहा वर्षें त्याच्याकडे पाहिलें. वानलेस यांना या गांवांत आपल्या पद्धतीनें माणसें तयार करावीशीं वाटलीं यांत नवल नाहीं. शस्त्रक्रिया हीहि अखेर हाताचीच विद्या आहे.

त्यांनीं १८९७ सालीं मिरजेस वैद्यकशाळा काढली. तें साल लक्षांत घ्यावें. १८९६ च्या उत्तरार्धांत मुंबईंत प्लेग उद्भवला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा आला. त्याच सुमारास दुष्काळानें दक्षिण महाराष्ट्र होरपळत होता. अशा वेळीं एका शल्यवैद्यास हाताखालीं माणसें हवीं असतील तर तीं त्यानें मुंबईहून मागवून मिळणारीं नव्हतीं. मुंबईचा पदवीधर मिरजेच्या मिशन रुग्णालयांत थोड्या पगारावर कां येईल? तेव्हां जीं पोरें जवळ होतीं त्यांनाच शिकविणें भाग होतें. हीं पोरें बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांतलीं, कांहीं मिशनच्या अनाथाश्रमांत वाढलेलीं. पुढें इतर मिशनांकडूनहि विद्यार्थी येऊं लागले. सकाळीं रोग्यांच्या खाटांजवळ, दुपारीं फळ्यापुढें, पुन्हा संध्याकाळीं खाटांजवळ असा त्यांचा अभ्यास. पुस्तक आणि रोगी यांच्यांत अंतर राहूंच द्यावयाचें नाहीं, हें त्या शाळेचें खरें सामर्थ्य होतें.

त्या रुग्णालयाचा हेतु धर्मप्रसाराचाहि होता ही गोष्ट लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. तेथील माणसांनींहि ती लपविली नाहीं. औषधापूर्वी प्रार्थना होई, आणि ती ऐकून घेऊन मग औषध घेणारे सोवळे गृहस्थ पुष्कळ असत. पोटांत गांठ असलेल्या माणसास शिवाशिवीचा विचार फार वेळ करतां येत नाहीं. एकाच दालनांत ब्राह्मण, मराठा, मुसलमान व महार यांच्या खाटा लागल्या आणि त्यांची शुश्रूषा करणारा हात बहुधा त्यांपैकीं कोणीहि आपल्या घरांत शिरूं न दिलेल्या जातीचा होता. सुधारकांच्या सभांतून जें साधत नव्हतें तें येथें दुखण्यानें साधलें. हा परिणाम मिशनला अभिप्रेत होता तितकाच झाला असें नाहीं. त्याहून अधिकहि झाला.

मुलांच्या शाळेइतकीच किंबहुना अधिक महत्त्वाची गोष्ट शुश्रूषेच्या शिक्षणाची. परिचारिका हा शब्द आज प्रतिष्ठित आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वींपर्यंत आमच्या मध्यम वर्गांत "नर्स" होणें म्हणजे घराण्यास काळिमा असें मानणारीं कुटुंबें थोडीं नव्हतीं. परक्या पुरुषाचें अंग पुसावें लागतें, रात्रपाळी करावी लागते, जात पाहतां येत नाहीं, हे त्यावरचे आक्षेप. पुण्यास रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं सेवासदन काढलें आणि विधवांना ससून रुग्णालयांत शुश्रूषेच्या शिक्षणासाठीं धाडलें, तेव्हां त्यांना काय काय ऐकून घ्यावें लागलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. मिरजेस हा प्रश्न निराळ्या तऱ्हेनें सुटला. ख्रिस्ती मुलींवर त्या समाजाचे निर्बंध नव्हते. त्या आल्या, शिकल्या, आणि पश्चिम हिंदुस्थानांत ठिकठिकाणच्या रुग्णालयांत पसरल्या. आपल्या घरीं ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलें त्यांच्या लेकींनीं आपलीं लेकरें रुग्णालयांत सांभाळलीं. या ऋणाचा हिशेब आम्हीं कधीं नीट मांडलेला नाहीं.

वानलेस यांना १९२८ सालीं ब्रिटिश सरकारनें "सर" ही पदवी दिली. त्याच वर्षीं ते निवृत्त झाले आणि रुग्णालय डॉ. चार्ल्स व्हेल यांच्याकडे गेलें. १९३३ सालीं अमेरिकेंत त्यांचा अंत झाला. त्यांचें आत्मवृत्त इंग्रजींत उपलब्ध आहे. तें वाचणारास मिशनऱ्याचा आवेश खटकेल, पण शल्यवैद्याची शिस्त आवडल्यावांचून राहणार नाहीं.

इकडे तीन कोसांवर पुस्तकाची बाजू उभी राहत होती. १९१९ पूर्वी सातारा, सांगली, मिरज, जमखिंडी या टापूंतल्या मुलास मॅट्रिकनंतर शिकावयाचें तर कोल्हापूरचें राजाराम कॉलेज नाहीं तर पुण्याचें फर्ग्युसन. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नांवानें कॉलेज काढलें, गोविंद चिमणाजी भाटे यांच्यासारखा प्राचार्य त्यास लाभला, आणि सांगली-मिरजेच्या मधोमध विश्रामबागेच्या माळावर त्याची इमारत उभी राहिली. दोन संस्थानांच्या राजधान्यांमध्यें, कोणत्याहि एका गांवाचें म्हणतां येणार नाहीं अशी ती जागा. पुढें विज्ञानाचे वर्गहि जोडले गेले. याचा अर्थ असा कीं शेतकऱ्याचा किंवा कारकुनाचा मुलगा घरची भाकरी खाऊन इंटर सायन्सपर्यंत जाऊं शकला, आणि इंटर सायन्स ही मुंबईच्या वैद्यकीय पदवीची पहिली पायरी होती. पण दुसरी पायरी मुंबईसच. तेथें ग्रँट, आणि १९२६ पासून परळचें सेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेज. खोलीचें भाडें, खाणावळ, पुस्तकें, पांच वर्षें. ज्याच्या बापास दहा एकर बागाईत नाहीं त्यानें विश्रामबागेपर्यंत यावें आणि तेथून शिक्षक व्हावें, वकील व्हावें, कारकून व्हावें. डॉक्टर होणें त्याच्या आवांक्यांत नव्हतें.

खरी विसंगति ती हीच. विश्रामबागेंत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टिपथांत मिरजेचें रुग्णालय होतें, हिंदुस्थानांत नांवाजलेला शल्यवैद्य होता, शिकविण्याची परंपरा होती. पण तेथें शिकून मिळणारें प्रमाणपत्र ही विद्यापीठाची पदवी नव्हे. आणि विद्यापीठाची पदवी मिळविण्यासाठीं त्यास तें रुग्णालय मागें टाकून शेंकडों मैल दूर जावें लागे. पुस्तक एका बाजूस, रोगी दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें तीन कोसांचा रस्ता जवळ जवळ चाळीस वर्षें तसाच पडून राहिला.

दरम्यान कायद्यानें आपलें काम सुरू केलें होतें. १९१२ सालीं मुंबई इलाख्यांत वैद्यकाचा कायदा झाला आणि डॉक्टरांची नोंदवही उघडली गेली. मान्य संस्थेचा शिक्का ज्याच्याजवळ त्याचेंच नांव त्या वहींत. त्याच वर्षीं मुंबईस कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झालें व त्याची एल. सी. पी. एस. ही सनद सुरू झाली. मॅट्रिकनंतर चार वर्षांत ती मिळवितां येई. पदवीहून लहान, हॉस्पिटल असिस्टंटाहून मोठी. या सनदेनें महाराष्ट्रांतल्या तालुक्याच्या गांवांना डॉक्टर दिले. सातारा जिल्ह्यांतलें वा सांगली संस्थानांतलें कोणतेंहि जुनें बाजाराचें गांव घ्या, तेथील पहिल्या खाजगी दवाखान्यावरच्या पाटीवर बहुधा हींच चार अक्षरें असत. वैद्यांचेंहि एक स्वतंत्र प्रकरण आहे. साताऱ्यास आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय निघालें, ज्याच्या नांवांतच दोन्ही शास्त्रें एकत्र नांदविण्याची उमेद दिसते. आणि १९३८ च्या मुंबईच्या कायद्यानें वैद्य-हकिमांचीहि नोंदणी सुरू झाली. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे, येथें त्याचा नुसता निर्देश पुरे.

नोंदवहीमुळें भोंदूंस आळा बसला हें खरें. पण वहीचा दुसरा गुण असा कीं ती पायऱ्या पक्क्या करते. १९३३ सालीं अखिल हिंदुस्थानची वैद्यकीय परिषद कायद्यानें स्थापन झाली तेव्हां पदवीधरांनाच तिच्या कक्षेंत घेतलें. सनदवाले बाहेर राहिले. त्यांच्या मनास हें लागलें आणि लागण्यासारखेंच होतें. प्लेगांत, इन्फ्ल्युएन्झांत, पटकींत गांव सोडून न गेलेला डॉक्टर तो हाच, आणि मोठ्या वहींत त्याचें नांव नाहीं.

याच वादाचा निकाल भोर समितीनें लावला. १९४३ सालीं नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ सालीं बाहेर आला. त्यांतले आंकडे आजहि मन अस्वस्थ करतात. ब्रिटिश हिंदुस्थानांत नोंदलेले डॉक्टर सुमारें ४७,५००; त्यांपैकीं पदवीधर १७,६०० च्या आसपास व सनदवाले जवळ जवळ ३०,०००. म्हणजे दर ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर. परिचारिका अवघ्या ७,००० च्या सुमारास, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. समितीनें ठरविलें कीं यापुढें डॉक्टर एकाच प्रकारचा असावा, विद्यापीठाचा पदवीधर. सनदेच्या शाळा एक तर बंद व्हाव्या किंवा त्यांनीं महाविद्यालय व्हावें. पुण्याची शाळा त्याच साली, १९४६ मध्यें, बी. जे. मेडिकल कॉलेज झाली. समितींतल्या कांहीं सभासदांनीं आपलें भिन्न मत नोंदविलें होतें: माणसें इतकीं कमी असतां त्यांपैकीं दोनतृतीयांश ज्या वाटेनें येतात तीच बंद करणें शहाणपणाचें नव्हे.

आमच्या मतें दोन्ही पक्षांत तथ्य होतें, पण तें सारखें नव्हतें. गरिबास कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंतास पुरा शिकलेला, ही विभागणी कायद्यानें कायम करणें स्वतंत्र होऊं घातलेल्या देशास शोभलें नसतें. तेव्हां एक पदवी हें तत्त्व योग्यच. चूक झाली ती पुढें. वाट बंद केली. पण त्या वाटेनें जो मुलगा येत होता त्याच्यासाठीं दुसरी काढावयाची राहिली. समितीनें पदवीधरास खेड्यांत नेण्यासाठीं सार्वजनिक आरोग्यकेंद्रांचें जाळें सुचविलें होतें. तें जाळें विणावयास पुढें कैक दशकें लागलीं, आणि अजूनहि त्याचे धागे सुटे आहेत. अहवालाचा अर्धा भाग अमलांत आला, दुसरा अर्धा पुस्तकांतच राहिला.

डॉक्टरांबरोबर इतरांच्याहि वह्या उघडल्या. मुंबई इलाख्यांत परिचारिका व सुइणींच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा. हिंदी परिचर्या परिषदेचा १९४७ चा. औषधशास्त्राचा व दंतवैद्यकाचा १९४८ चे. या शेवटच्या दोहोंपैकीं पहिल्यानें कंपाउंडर या प्राण्यावर घाला घातला. डॉक्टरच्या दवाखान्यांत लांकडी खिडकीमागें उभा राहून कांचेच्या बाटलीवर कागदाची पट्टी कातरून चिकटविणारा, "हें दिवसांतून तीनदां, बाटली हालवून" असें सांगणारा, डॉक्टर गांवीं गेला असतां त्याच्याहून शांतपणें ताप पाहणारा हा मनुष्य. त्याची विद्या सर्वस्वीं हाताची. त्याच्या जागीं औषधनिर्माणशास्त्राचा पदविकाधारक व पदवीधर आला. रोग्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनें हें उत्तमच झालें. पण चौथींत शाळा सुटलेल्या हुशार पोराला चढतां येईल अशी एक शिडी भिंतीवरून उतरली.

परिचारिकेच्या बाबतींत उलट घडलें, आणि तें चांगलें घडलें. हिंदुस्थानांत शुश्रूषेची विद्यापीठीय पदवी प्रथम १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें सुरू झाली. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी महाविद्यालयांत ती १९६४ सालीं आली. म्हणजे डॉक्टरची पदवी आल्यानंतर शंभर वर्षांनीं. ज्या कामास घराणीं नाकें मुरडीत त्यासाठीं आतां मुलगी बारावींत जीवशास्त्र घेते आणि तिची आई अर्ज घेऊन रांगेंत उभी असते.

संस्थानें १९४८ सालीं विलीन झालीं. १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० सालीं त्याचें नांव सांगली पडलें. विलिंग्डन महाविद्यालय मुंबई विद्यापीठाकडून नव्या पुणे विद्यापीठाकडे गेलें. मग आलें १९६२. त्या एका वर्षांत कोल्हापूरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें आणि मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. या महाविद्यालयाच्या पहिल्या काळांत वानलेस रुग्णालयाशीं त्याचें सहकार्य होतें. ज्या खाटांजवळ १८९७ सालचीं पोरें शिकलीं त्याच आवारांत आतां विद्यापीठाचे विद्यार्थी शिकूं लागले. पासष्ट वर्षांनीं हाताची वाट व पदवीची वाट मिरजेस एकत्र आल्या. विश्रामबागेंत विज्ञान शिकून तीन कोसांवर डॉक्टर होणें प्रथमच शक्य झालें, तेंहि सरकारी शुल्कांत. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत साठ-सत्तरीच्या दशकांत घरांतला पहिला डॉक्टर झालेल्या माणसांची मोजदाद कोणी केली तर मिरजेचें नांव वारंवार पुढें येईल.

पण जागा मोजक्या आणि इच्छा अमर्याद. ही कोंडी फोडली ती सांगलीच्याच माणसानें. वसंतदादा पाटील यांचें शालेय शिक्षण बेताचें. १९४३ सालीं सांगलीचा तुरुंग फोडून निसटतांना त्यांनीं गोळी खाल्ली होती. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळांत, १९८३ सालीं, विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. कऱ्हाडास कृष्णाकांठीं १९८४ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तें पुढें अभिमत विद्यापीठ झालें. आणि वानलेसवाडीचें महाविद्यालय काढणारे पतंगराव कदम हेहि याच जिल्ह्यांतले. दादांनीं शिक्षण सावकाराच्या हातीं दिलें असें एक पक्ष म्हणतो. परराज्यांत देणग्या भरणारा महाराष्ट्राचा पैसा व मुलगा त्यांनीं घरीं आणला असें दुसरा. दोघेहि खरें बोलतात. जागा वाढल्या, पण शुल्क असें कीं पूर्वी मुंबईच्या खाणावळीनें जें दार बंद केलें होतें तें आतां घराजवळ येऊन पुन्हा बंद झालें. सांगलीच्या सरकारी रुग्णालयास आज दादांचेंच नांव आहे. खाजगी महाविद्यालयांची वाट मोकळी करणाऱ्याचें नांव सरकारी रुग्णालयावर असावें यांत कोणास विरोध दिसेल, आम्हांस तो दिसत नाहीं. ज्या माणसाला शिकतां आलें नाहीं त्याला दुसऱ्यांनीं कसेंहि करून शिकावें असें वाटणें साहजिक आहे.

१९९८ सालीं नाशिकास आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झालें आणि वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा सर्व शाखा एका छपराखालीं आल्या. अभिमत विद्यापीठें तेवढीं निराळीं राहिलीं. १८६१ सालीं ग्रँट कॉलेजांत जी सर्जन-असिस्टंटाची भिंत बांधली गेली ती निदान कागदोपत्रीं येथें पडली. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें तर प्रयोगशाळेंतला तंत्रज्ञ, क्ष-किरणाच्या खोलींतला कामगार, आहारतज्ज्ञ या सर्वांसाठींहि परिषद व नोंदवही ठरविली. "मेडिकल" म्हणजे फक्त डॉक्टर नव्हे हें सांगली-मिरजेच्या मुलांस आतां शिकवावें लागत नाहीं. रुग्णालयांच्या त्या गांवांत ज्या खोल्यांना पाट्या आहेत त्या वाचल्या तरी पुरे.

राहिला तो खेड्याचा प्रश्न. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यांत बत्तिसावें कलम आहे. पदवीधर डॉक्टर नसलेल्या, पण आधुनिक वैद्यकाशीं निगडित अशा शिक्षित माणसास प्राथमिक उपचारांपुरता मर्यादित परवाना द्यावा, आणि अशांची संख्या नोंदलेल्या डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावी, असें तें कलम सांगतें. डॉक्टरांच्या संघटनेनें त्यावर देशभर संप केला. सत्तर वर्षांपूर्वी सनदवाल्यांविरुद्ध जें बोललें गेलें होतें तें जवळ जवळ त्याच शब्दांत पुन्हा ऐकूं आलें. त्या कलमाचा वाद चालूच असतां महाराष्ट्रांतल्या उपकेंद्रांवर २०१८ नंतर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊं लागले. आयुर्वेदाचे पदवीधर आणि परिचर्येच्या पदवीधर मुली सहा महिन्यांचा जादा अभ्यास करून तेथें बसतात. त्यांच्याजवळ औषधांची ठरीव यादी असते, रक्तदाब व मधुमेह पाहण्याचीं साधनें असतात, आणि यादीबाहेरचा रोगी आला कीं त्याला मोठ्या रुग्णालयाकडे चिठ्ठी देऊन पाठवावें लागतें. जत किंवा आटपाडीकडल्या रोग्याच्या हातांतल्या त्या चिठ्ठीवर बहुधा मिरजेचें नांव असतें.